चिमण्या अकरावरून दोनवर, चष्मेवाले शून्य. पाखरं खरंच कमी झाली की माझी मोजणी चुकतेय?

गोडोलीचा_कंट्रोलर
१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

एसटीत उभी हयात गेली. शेवटची बरीच वर्षं सातारा स्टँडवर कंट्रोलर होतो. २०१८ ला रिटायर झालो, पण सकाळी सातला हातात पेन नसलं की चहा गोड लागेना. मग परसातल्या पाखरांची आवक-जावक लिहायला लागलो. आमच्या मिसेस म्हणाल्या, फलाट सुटला पण कंट्रोलर काही सुटला नाही.

घर गोडोलीत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. परस म्हणजे जेमतेम गुंठाभर. एक पेरू, एक शेवगा, कढीपत्ता, कडेनं जास्वंद, धुण्याचा दगड आणि त्याच्याजवळ पाण्यानं भरलेली मातीची परळ. दर रविवारी सात ते साडेसात मागच्या पायरीवर बसायचं. एका वेळी एकत्र जास्तीत जास्त किती आढळले तेवढाच आकडा लिहायचा. येणारा-जाणारा प्रत्येक मोजायचा नाही, नाहीतर एकच गाडी चार फेऱ्या मारते आणि कागदावर चार गाड्या दिसतात. पानात लपलेला पक्षी आवाजावरून ओळखला तर तोही धरायचा. हा नियम पहिल्या दिवसापासून मोडलेला नाही.

वर्षावर्षाची तुलना करायला मी दिवाळीनंतरचे पहिले चार रविवार घेतो आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरतो. आज यंदाचा चौथा रविवार झाला. २०१९ पासून २०२५ पर्यंत ओळीनं देतो:

चिमणी: ९, १२, ८, १०, ६, ११, २
साळुंखी: ६, ५, ८, ४, ३, १४, ५
बुलबुल: ४, ४, ६, ४, ५, ६, ७
शिंजीर: ४, ५, ४, ३, ३, २, १
चष्मेवाला: ७, ८, ५, ६, ३, २, ०
पारवा: ०, ०, २, २, ५, ६, ९

भारद्वाज एकच, सातही वर्षं. मुक्कामी गाडी. पहाटे शेवग्याखालून निघतो, सांजच्याला परत.

आता माझा प्रश्न. चिमण्या अकरावरून दोन, साळुंख्या चौदावरून पाच. चष्मेवाला तर मला चष्मा लावूनही दिसला नाही. एका वर्षात इतकं पडतं का? यंदा मे महिन्यातच पाऊस कोसळला. मान्सून २४ मे ला केरळात आणि २६ ला मुंबईत. आमच्याकडं पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणत होता आणि रानात वाफसाच नव्हता. त्या पावसात घरटी गेली असतील का? की हे सगळीकडंच चाललंय? तुमच्या परसात काय परिस्थिती आहे ते आकड्यानिशी सांगा. “हल्ली पक्षीच दिसत नाहीत हो” असं कृपया लिहू नका. तेवढं आमच्या कट्ट्यावर रोज ऐकतो.


बागवाला_तासगाव

काका, बुलबुल कमी पडत असतील तर सांगा, पाठवून देतो. जानेवारीत द्राक्षाचे मणी गोड व्हायला लागले की माझ्या दोन एकरात किती येतात ते मोजायला तुमच्या स्टँडवरचे सगळे कंट्रोलर लागतील. जाळीचं बिल बघितलं की पक्षिप्रेम पळतं. एकेक घड टोचून ठेवतात, एक पुरा खाऊन टाकतील तर शप्पथ.

चिमणी मात्र बागेत नाही, हे खरं आहे. फवारण्या किती होतात ते मीच करतो त्यामुळं मला माहीत आहे. पिल्लाला घालायला अळी कुठून आणणार ती?


वाईचा_रिकामटेकडा

मोबाइल टॉवर. दुसरं काही नाही. तुमच्या आसपास फाइव्ह-जी कधी आलं ते बघा, आकडे आपोआप जुळतील.


आटपाडीकर

राम राम कंट्रोलर साहेब. तुमच्या यादीत भोरडी (गुलाबी मैना) नाही, म्हणून लिहितो. वर्षावर्षाचा फरक बघायचा तर भोरडीसारखं पाखरू नाही.

आमच्याकडं पूर्वी सगळा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. थंडीत कणसात दूध भरलं की भोरड्या उतरायच्या. उतरायच्या म्हणजे आभाळातनं काळी चादर झटकावी तशा. आम्ही पोरं माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचो. आजा म्हणायचा, “दगड पाखराला मारायचा नाही, आवाजाला मारायचा.” एखाद्या साली इतक्या यायच्या की हात भरून यायचे आणि एखाद्या साली माळा नुसताच उभा, आम्ही हुरडा खाऊन घरी. तेव्हा वाटायचं, मेल्या वाटतं सगळ्या. पुढच्या साली परत चादर.

नंतर वाचनात आलं की ह्या इथं अंडी घालतच नाहीत. मध्य आशियात त्यांचा संसार. जुलै-ऑगस्टपासून इकडं यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत परततात. म्हणजे तिकडं विणीला साल कसं गेलं, टोळ-नाकतोडे किती होते, त्यावर आमच्या रानातला आकडा. त्यात आमची सांगोल्याकडची बाजू कोरडी असली तर त्या वाटंनंच दुसरीकडं वळतात. तेव्हा एका गावानं “भोरडी संपली” म्हणण्यात काही अर्थ नाही.

आता टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं. शाळू गेला, डाळिंब आलं. गेल्या चार सालात मी गोफण हातात धरलेली नाही. भोरड्या कमी झाल्या की आमच्याकडं यायचं कारण कमी झालं, हे मला सांगता येणार नाही. पण फेब्रुवारीत पांगारा आणि काटेसावर फुलली की ओढ्याकाठी अजून येतात, मध प्यायला. तोंडं पिवळी करून भांडत बसतात. तुमच्याकडं अजिंक्यताऱ्याच्या अंगाला काटेसावर असंल तर तिथं बघा.


कृष्णाकाठची_मावशी (सांगली)

भाऊ, माझ्याकडे तुमच्यासारखी वही नाही, पण २०१९ साल मला कुठल्याही वहीशिवाय आठवतं. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे, म्हणजे बारा फूट वर. आमच्या परसात आठवडाभर पाणी उभं होतं आणि ओसरल्यावर वीतभर गाळ. मेंदीचं कुंपण कुजलं, कोरांटी गेली, लिंबोणी उभी सुकली. वास तर महिनाभर गेला नाही.

आमच्याकडे सातभाईंची टोळी होती. सात नव्हे, नऊ. रोज साडेदहाला कुंपणाखालचा पाचोळा उलटापालटा करायला यायचे, सासरी आलेल्या नणंदांसारखा कलकलाट करत. पुरानंतर ते दिसेनात. पाचोळाच नाही तर किडे कुठले आणि किडे नाहीत तर ते कशाला येतील! त्याच थंडीत मात्र गाळावर शेपूट हलवत फिरणारे धोबी इतके आले की तेवढे मी जन्मात पाहिले नव्हते. गाय बगळे पण. म्हणजे त्या वर्षी माझ्या परसात पक्षी कमी झाले की वाढले, याचं उत्तर काय द्यायचं?

सातभाई परत आले ते २०२१ च्या उन्हाळ्यात, पाच जण. मी आनंदानं शेजारणीला हाक मारली. आणि जुलैत पुन्हा पूर. तो २०१९ एवढा नव्हता, पण कुंपण परत गेलं. आता घाणेरी आणि अडुळसा आपोआप वाढू दिलाय, मुद्दाम कापत नाही. लोक नावं ठेवतात. सध्या टोळी सातची आहे. अगदी नावाप्रमाणे.

माझं एवढंच म्हणणं, आकड्याशेजारी त्या वर्षी काय घडलं तेही लिहीत जा.


कराडची_आकडेवाली

काका, तुमची वही बघून हेवा वाटला. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, पक्षी हा माझा रविवारचा उद्योग. सात वर्षं एकच जागा, एकच वेळ, एकच पद्धत आणि बेरीज न करता एका वेळचा कमाल आकडा! हे समजावताना माझी पोरांपुढे दमछाक होते. जरा लांब लिहिणार आहे.

आधी एक बारीक खोट काढते. दिवाळी. अहो, दिवाळी सरकते! २०१९ ला लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं, २०२० ला १४ नोव्हेंबरला, २०२२ ला २४ ऑक्टोबरला आणि २०२३ ला १२ नोव्हेंबरला. तीन-तीन आठवड्यांचा फरक. पावसाळ्याच्या अखेरीस त्या वर्षीची नवी पिल्लं थव्यात फिरत असतात, मग थंडी वाढेल तसे थवे फुटतात, काही पिल्लं मरतात. तीन आठवड्यांत आकडा सहज हलतो. तुम्ही पक्ष्यांना हलत्या फलाटावर उभं करून मोजताय. नोव्हेंबरचे सगळे रविवार घ्या, म्हणजे तारखा जागच्या जागी राहतील.

आता आकडे. दोन वर्षांचे शेजारी ठेवून बघितलं की घाबरायला होतं. त्यापेक्षा अख्खी ओळ कशी चालते ते बघा.

साळुंखी ६, ५, ८, ४, ३, १४, ५. यात विचित्र आकडा पाच नाहीच, चौदा आहे. पाच हा तुमच्या घरचा नेहमीचा. तुम्ही तुलनेला नेमकं सगळ्यात चांगलं वर्ष घेतलंत. त्याच्याशेजारी कुठलंही वर्ष पडलेलंच दिसणार. मला विचाराल तर प्रश्न असा हवा: २०२४ मध्ये चौदा का? त्या साली पाऊसही चांगला होता, पण एवढी उडी नुसत्या पावसाची वाटत नाही. काही आठवतंय का?

चिमणी सहा ते बारा यांच्यात खाली-वर खेळत होती. २०२३ चा सहा मला समजतो. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा होता. गवताचं बी कमी, किडे कमी. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि लगेच अकरा. अशा छोट्या पाखरांचं हेच असतं. चिमणीला एका वेळी चार-पाच अंडी, वर्षातून एकाहून अधिक विणी. एक साल वाईट गेलं तर दुसऱ्या सालात भरून काढतात. पण यंदाचा दोन त्या खेळातला नाही. हा उतार नसून कडा आहे आणि कड्याच्या तळाशी बहुतेक वेळा एखादी ठोस गोष्ट सापडते. घर पाडलं, झाड तोडलं, मांजर आलं, रोज कण्या टाकणाऱ्या आजी गेल्या. मे मधला पाऊस हे कारण मी इतक्यात धरणार नाही. चिमणी वळचणीत, भोकात घरटं करते. त्या पावसानं उघड्यावर घरटं बांधणाऱ्या बुलबुलाला आधी मारायला हवं होतं आणि तुमचे बुलबुल सात आहेत.

आता ज्या ओळींमुळं खरं तर लिहायला बसले त्या. शिंजीर ४, ५, ४, ३, ३, २, १. चष्मेवाला ७, ८, ५, ६, ३, २, ०. पाखरांचे आकडे इतक्या शिस्तीत उतरत नाहीत. ते साळुंखीसारखे उड्या मारतात नाहीतर चिमणीसारखे कोसळतात. असं पायरी-पायरीनं उतरणं मला दुसऱ्याच कशाचं तरी वाटतं. राग मानू नका काका. २०१८ ला रिटायर म्हणजे आज तुम्ही ६५ च्या आसपास. वयाबरोबर कान आधी वरच्या पट्टीतले आवाज सोडून देतात. चष्मेवाला म्हणजे बोटाएवढं पिवळट-हिरवं पाखरू, पेरूच्या पानात असलं तर दिसत नाही, फक्त बारीक ‘त्सी, त्सी’ ऐकू येतं. शिंजीरचंही तेच. भारद्वाजाचा ‘हूप हूप’ मात्र खालच्या पट्टीतला, घुमणारा. तो तुमच्या कानांतून शेवटपर्यंत जाणार नाही. सात वर्षं “मुक्कामी” का राहिला, कळलं? परदेशात दशकानुदशकं चालणाऱ्या गणनांतसुद्धा निरीक्षकांचे म्हातारे होणारे कान हा अभ्यासाचा विषय झालेला आहे. तेव्हा लाजायचं कारण नाही.

तपासायला सोपं आहे. एखाद्या शाळकरी पोराला शेजारी बसवा. वेगळा कागद, वेगळं पेन. अर्धा तास एकमेकांशी बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. कोणी सांगेल मर्लिन अ‍ॅप लावा, आवाजावरून पक्षी ओळखतं. सराव करायला छान आहे, पण वहीत त्याचे आकडे घालू नका. ते किती पक्षी ते सांगत नाही आणि कधीकधी कोतवालानं केलेली नक्कलही खरी धरतं.

“सगळीकडे असंच आहे का” याचं उत्तर एका परसावरून देता येत नाही. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ अहवालासाठी सुमारे ३०,००० लोकांच्या तीन कोटी नोंदी घेतल्या होत्या, ९४२ जातींच्या. कोकीळ, मोर आणि पारवा वाढलेत, दसऱ्याला आपण ज्याचं दर्शन शुभ मानतो तो चाष घटतोय. तुमची पारव्याची ओळ त्याच्याशी जुळते. चिमणी देशभराचा विचार करता बरीचशी टिकून आहे, मोठ्या महानगरांत मात्र घटलेली, असं त्याआधीच्या २०२० च्या अहवालात होतं. टॉवरच्या लहरींनी चिमण्या गेल्या याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. वाईकरांनी फाइव्ह-जीची तारीख जरूर काढावी, पण मग त्याच लहरीत पारवे नऊ कसे झाले तेही सांगावं.


वाईचा_रिकामटेकडा

पारव्याला रेंज येत नसेल.


गोडोलीचा_कंट्रोलर
१८ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार. आकडेवाली ताई, तुमचं उत्तर दोनदा वाचलं, एकदा मिसेसला वाचून दाखवलं. त्या कानांच्या परिच्छेदाला जोरात हसल्या. गेली तीन वर्षं टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून सांगतायत. मी तो घरगुती वाद समजत होतो.

दिवाळीचं अगदी मान्य. एसटीत आमचं वर्ष दिवाळीच्या जादा गाड्यांपासून पुढं-मागं मोजायचं. डोक्यात तेच कॅलेंडर बसलंय. वही आहेच, नोव्हेंबरच्या रविवारांचे आकडे काढून नवीन ओळी तयार करतो.

२०२४ च्या चौदा साळुंख्या. हे तुम्ही विचारलंत आणि मला आठवलं. तेव्हा आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर पाइपासाठी चर खणले होते. काळी ओली माती ढिगानं वर आलेली आणि त्यात गांडुळं वळवळत होती. साळुंख्या दिवसभर तिथं आणि मध्ये पाणी प्यायला माझ्या परळीवर. चर बुजले, साळुंख्या घरच्या घरी. म्हणजे मी पक्षी मोजत नव्हतो, खोदकाम मोजत होतो.

चिमण्यांचं लिहायला जरा अवघड जातंय. आमच्या समोरचं कौलारू घर यंदा मार्चमध्ये उतरवलं. पोरं पुण्याला, म्हातारा-म्हातारी गेलेली, घर पडायला आलेलं, त्यांचंही चूक नाही. वाशांच्या टोकाला, कौलांखाली, जुन्या मीटरच्या पेटीत सगळीकडं चिमण्यांची घरटी. मी उभा राहून बघत होतो, कामगारांना चहासुद्धा दिला. एक गवताचा गोळा खाली पडला, त्यात पिसं होती. आणि तरी नोव्हेंबरात मी तुम्हाला विचारतोय, चिमण्या कुठं गेल्या! घर माझ्या डोक्यात एका वहीत होतं आणि चिमणी दुसऱ्या वहीत.

मावशी, तुमचा शेऱ्याचा सल्ला सोनं आहे. आमच्या लॉगशीटला शेरा रकाना होता. गाडी ४० मिनिटं लेट लिहिलं की शेजारी ‘घाटात दरड’ किंवा ‘टायर फुटला’ लिहावंच लागे, त्याशिवाय साहेब सही करत नसत. पाखरांच्या वहीला तो रकाना मी ठेवलाच नाही.

आटपाडीकर, काटेसावर आहे. चार भिंती स्मारकाच्या वाटेवर दोन झाडं माहितीची आहेत. फेब्रुवारीत जाऊन येतो.


सदाशिवगडाखाली

काका, चिमण्यांसाठी लाकडी पेटी लावा. भोक सव्वा इंचाचं ठेवा, त्याहून मोठं केलंत तर साळुंखी घुसते. पश्चिमेचा पाऊस तोंडावर येणार नाही अशी, आठ-दहा फुटांवर, मांजराला चढता येणार नाही अशा भिंतीला. बाजारात रंगीबेरंगी मिळतात त्या बघायला चांगल्या, पण भोकं अडीच इंची असतात.


गोडोलीचा_कंट्रोलर
३० नोव्हेंबर, रविवार

दोन रविवारची ड्यूटी झाली. कळवतो.

शेजारी बसवलं ते नातीला. पाचवीत आहे. आधी आठवडाभर सूनबाईंच्या मोबाइलवर आवाज ऐकवून तिची तयारी घेतली. ती म्हणाली, आजोबा हे सोपंय. मला त्यातले दोन आवाज मोबाइल कानाला लावल्याशिवाय आले नाहीत, तेव्हाच काय ते समजलो होतो.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे पायरीच्या दोन टोकांना दोघं, मध्ये स्टूल, बोलायचं नाही. तिला अर्धा तास गप्प बसवणं हाच मोठा प्रयोग. आजचे आकडे, आधी माझे मग तिचे:

चष्मेवाला माझा शून्य, तिचे पाच. शिंजीर माझा एक, तिचे तीन. पारवे दोघांचेही नऊ. चिमण्या दोघांच्याही दोन. बुलबुल माझे सात, तिचे सहा. एक तिच्या मागच्या बाजूला होता, तेवढाच माझा मान राहिला. दयाळ तिला दिसूनही लिहायचा राहिला, कारण त्या वेळी खारीकडं बघत होती.

गेल्या रविवारीही साधारण असंच. चष्मेवाले तेव्हा तिला चार.

म्हणजे चष्मेवाले पेरूवर आहेत. सात वर्षं असतील, रोज बोलत असतील. नातीनं बोट दाखवल्यावर (मोजणी संपल्यावर, नियम मोडला नाही) मला दिसले. पाच पिवळी टिकली एवढी पाखरं, प्रत्येकाच्या डोळ्याभोवती पांढरं वेटोळं, चोची हलताना दिसतायत आणि आवाज नाही. टीव्ही म्यूट केल्यासारखं. थोडा वेळ काही बोलावंसं वाटेना. मिसेसनी मंगळवारी कानाच्या डॉक्टरांचा नंबर लावलाय.

चिमण्यांच्या बाबतीत मात्र कान निर्दोष. दोन म्हणजे दोनच. पण गोष्ट तिथं संपत नाही. काल दळण घेऊन गिरणीत गेलो. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. पत्र्याच्या वळचणीला आणि पोत्यांच्या थप्पीवर चिमण्या! उभ्या उभ्या मोजल्या, तेरा. त्या समोरच्या घरातल्याच की आधीपासून तिथल्याच, कसं सांगणार? गिरणीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “काका, मी काय हजेरी ठेवलीय का? पण उन्हाळ्यापासून पोत्यांवर घाण जास्त पडायला लागलीय, झाकून ठेवावं लागतंय.” मार्चात घर पाडलं, उन्हाळ्यापासून घाण. पुरावा म्हणून कोर्टात टिकणार नाही, पण वहीत शेरा म्हणून लिहिला. पेटीही सांगितलीय सुताराला, सव्वा इंच भोकाची.

आता वहीचा पेच. २०१८ पासूनचे आकडे माझ्या कानांचे आणि इथून पुढचे नातीच्या कानांचे. पुढच्या वर्षी कुणी बघितलं तर म्हणेल चष्मेवाले शून्यावरून पाचवर गेले, काय सुकाळ झाला! जुने आकडे अंदाजानं वाढवून घ्यायचे, की शिंजीर आणि चष्मेवाल्याच्या ओळी खोडूनच टाकायच्या? शिवाय नात म्हणते, दर रविवारी सातला उठायचं तर तिला ओव्हरटाइम पाहिजे. तो प्रश्न मी माझा बघतो.


कराडची_आकडेवाली

खोडायचं काहीच नाही आणि अंदाजानं वाढवायचं तर मुळीच नाही. दोन रकाने करा, ‘आजोबा’ आणि ‘नात’. कानाला यंत्र लागलं तर त्या तारखेपासून तिसरा. किमान एक वर्ष दोघांनी शेजारी बसून मोजा, म्हणजे तुमच्या आकड्यांत आणि तिच्या आकड्यांत साधारण किती अंतर पडतं ते कळेल. फेब्रुवारीत चार दिवसांची ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असते, भारतात २०१३ पासून चालू आहे. किमान १५ मिनिटं मोजून यादी द्यायची. तिच्या नावानं यादी भरा. ओव्हरटाइमचं तेवढ्यावर भागेल बहुतेक.

रकाने वेगळ्या शाईत ठेवा, म्हणजे गोंधळ होणार नाही.


गोडोलीचा_कंट्रोलर

ठीक. लाल नको, लाल आम्ही रद्द फेऱ्यांना वापरायचो. तिला हिरवी आणून देतो.